काय म्हणाले, ते सांगा

हैदराबादच्या आबिड्सला शांतता माहीत नाही. सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खानच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद नावाच्या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून या भागाला नाव पडलं, आणि दुकानदारी इथून कधी हललीच नाही. माझ्या नोकरीची सगळी वर्षं इथल्याच एका कार्यालयात गेली आणि त्याच वर्षांत माझे दोन्ही कान हळूहळू गेले. ‘नस गेलीय, औषध नाही, मशीन लावा,’ एवढंच डॉक्टर म्हणाले. अपंगत्वावर विनोद कुणी करावा आणि कुणी करू नये, यावर हल्ली बरंच बोललं जातं. मला त्यातलं जे उमगलं ते थोडं वाचून आणि पुष्कळसं माणसांत बसून, त्यांच्या ओठांकडे बघत.

१. मला सगळ्यात जास्त लागतं ते ‘काही नाही’ हे उत्तर. चारचौघांत कुणी काहीतरी बोलतं, सगळे पोट धरून हसतात, मी विचारते, ‘काय झालं गं?’ आणि वहिनी माझ्या हातावर हात ठेवून म्हणते, ‘काही नाही, असंच.’ तिच्या मनात वाईट काही नसतं. विनोद दुसऱ्यांदा सांगितला की त्याची मजा जाते, म्हणून ती टाळते. पण त्या क्षणी मी त्या खोलीत असून नसते. ‘बहिरी’ म्हणून कुणी टोमणा मारला तर निदान तो माझ्याकडे बघून मारलेला असतो. विनोदावरचा हक्क म्हटलं की लोक विनोद करणाऱ्याकडे बघतात, त्याला हे बोलायचा अधिकार होता का ते तपासतात. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तो विनोद सांगितला कुणाकुणाला?

२. जे अपंगत्व दिसत नाही, ते माणसाच्या स्वभावाच्या खाती मांडलं जातं. मी उत्तर दिलं नाही तर आढ्यताखोर, चुकीचं दिलं तर विसराळू, पुन्हा विचारलं तर ‘हिचं लक्षच नसतं’. कायद्याचं तसं नाही, तो मोजून बघतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. दोन्ही कानांनी बोलण्याच्या पट्टीतलं ऐकणं ६० ते ७० डेसिबलनी घटलं असेल तर माणूस कमी ऐकू येणाऱ्यांत धरला जातो, ७० किंवा त्याहून जास्त असेल तर बहिरा. तेलंगणात तेव्हा त्यासाठी सदरेमच्या, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या सरकारी शिबिरात जाऊन दाखला घ्यावा लागत असे. तो माझ्याकडे आहे. पण आबिड्सच्या चौकात उभं राहून रिक्षावाल्याशी बोलणं म्हणजे काय, हे त्या दाखल्यात कुठे येणार? मशीन सगळेच आवाज मोठे करतं. माणसाच्या बोलण्याबरोबर बसचा भोंगाही मोठा होतो, बहुधा आधी भोंगाच.

मग उरतात ओठ. मुंबईला वांद्र्यात बहिरेपणावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. हे मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. बहिणीकडे राहून मी तिथे जात असे, तेव्हा एका ताईंनी मला आरशासमोर बसवलं आणि आवाज न काढता ‘पाटी’, ‘बाटी’, ‘माटी’ म्हणायला लावलं. आरशात तिन्ही शब्द एकच दिसले. प, ब आणि म ओठांवर सारखेच उमटतात, क आणि ग तर घशातच राहतात, बाहेर काही दिसतच नाही. उरलेलं डोक्याने भरायचं. हे मराठीत जमतं, कारण पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज असतो. पण आबिड्सचा दुकानदार तेलुगूत सुरू करतो, दखनीत वळतो, भाव इंग्रजीत सांगतो आणि मी मराठी आहे हे कळलं की प्रेमाने दोन शब्द मराठीतही घालतो. त्याच्या त्या प्रेमाच्या शब्दांशी माझी सगळ्यात जास्त मारामारी होते. कोरोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि तोही आधार गेला. त्या काळात मी बाजाराची यादी चिठ्ठीवर लिहून नेत असे.

३. बहिऱ्यांवरचे बहुतेक विनोद खोटे असतात, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आपल्याकडे गॅदरिंगच्या एकांकिकेत एक बहिरे आजोबा ठरलेले. ‘भाजी आणू का?’ असं सून विचारते, आणि आजोबा खणखणीत आवाजात म्हणतात, ‘काजी? काजी कशाला बोलावतेस?’ हशा, टाळ्या. आता इतकी वर्षं मी बहिऱ्या माणसांत वावरते आहे, असं बेधडक चुकीचं उत्तर देणारा माणूस मला भेटलेला नाही. आम्ही उत्तरच देत नाही. हसरा चेहरा ठेवतो, मान हलवतो आणि विषय कुठे चाललाय याचा माग काढत बसतो. त्या आजोबांच्या जागी खरा माणूस आणला तर रंगमंचावर एक गप्प म्हातारा बसलेला दिसेल, आणि त्यावर कुणी हसणार नाही.

विनोद आमच्यातही आहेत, ते वेगळ्या जागी असतात. लग्नात कुणी घट्ट मिठी मारली की कानातलं मशीन शिट्टी वाजवतं आणि आजूबाजूची मंडळी आपापले फोन चाचपायला लागतात. मशीन लावणाऱ्या आम्ही मैत्रिणी भेटलो की हा किस्सा निघतोच, कारण प्रत्येकीच्या घरातल्या लग्नात तो घडलेला असतो. मशीन बंद करून सासूबाईंचं सगळं ऐकून घेण्याचा किस्साही तसाच. यात हसू येतं ते ज्यांना नीट ऐकू येतं त्यांचं. आणि ते खरं असतं, म्हणून त्याची धार टिकते.

४. तोच विनोद दोघांच्या तोंडी तोच राहत नाही. रविवारी आबिड्समधली दुकानं बंद असतात आणि त्यांच्यासमोरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. इंजिनिअरिंगच्या गठ्ठ्यांखालून कधीमधी एखादं मराठी पुस्तकही निघतं, बहुधा कुणाच्या तरी आजोबांचं कपाट रिकामं झालेलं असतं. तिथे पुस्तकं विकणारे एक गृहस्थ आहेत, लहानपणी पोलिओ झालेले, स्टुलावर बसून धंदा करतात. माझ्याशी बोलताना ते आधी ऊन तोंडावर येईल असे वळतात, मग बोलतात. मी कधी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. एकदा मला म्हणाले, ‘आपा, मेरी टांग छुट्टी पो, तुम्हारे कानां छुट्टी पो. अपन दोनों मिल को एक पूरी नौकरी कर सकते.’ मी इतकी हसले की हातातलं पुस्तक खाली पडलं.

शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं. तेही हसलं आणि काहीतरी बोललं. मला आवाज आला नाही, ओठांवर ‘लंगडा’ आणि ‘बहरी’ एवढे दोन शब्द दिसले. गृहस्थांचा चेहरा बदलला. त्यांनी त्या माणसाला पुस्तकाचा भाव सांगितला आणि त्याने कितीही घासाघीस केली तरी एक रुपयाही कमी केला नाही. मी मुद्दाम विचारलं, ‘क्या बोले वो?’ त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. ‘काही नाही’ म्हणाले नाहीत.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सोपं उत्तर असं की ते स्वतः अपंग आहेत म्हणून त्यांना चालतं आणि गिऱ्हाईक धडधाकट म्हणून त्याला चालत नाही. पण ते पुरं पडत नाही. माझा भाचा दोन्ही कानांनी ठणठणीत आहे, माझी यथेच्छ थट्टा करतो आणि मला ती हवीशी वाटते. उलट आमच्या कार्यालयात पायाने अधू असलेले एक सहकारी होते. ते आमच्या अंध टेलिफोन ऑपरेटरवर असे विनोद करत की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. स्वतःचा पाय अधू असल्याने त्यांना दुसऱ्याच्या डोळ्यांवर बोलायची मुभा मिळत नव्हती. मला फरक दिसतो तो विनोदाआधीच्या दिवसांत. भाचा माझ्यासाठी प्रत्येक सिनेमातला संवाद पुन्हा सांगतो. पुस्तकवाले उन्हाकडे तोंड करतात. त्या गिऱ्हाईकाने माझ्यासाठी काहीच केलेलं नव्हतं. त्याला नुसतं हसायचं होतं.

५. स्वतःवर आधी हसणं हे पुष्कळदा भाडं असतं. नव्या लोकांत गेलं की पहिल्या दोन मिनिटांत मी माझ्या कानांवर काहीतरी गमतीचं बोलत असे, आणि समोरची माणसं सैल पडत. मशीन दिसलं की लोक अवघडतात, त्यांना काय बोलावं ते कळत नाही. तो अवघडलेपणा दूर करायची जबाबदारी कुणीही न देता माझ्यावर आलेली होती. ती मी चोख पार पाडत असे आणि लोक म्हणत, ‘मॅडम किती स्पोर्टिंग आहेत!’ मीटिंगमधले मुद्दे आधी कागदावर द्या, म्हणजे मला बोलणं कळत राहील, असं मी सांगितलं तेव्हा मात्र तेही हसण्यावारी गेलं. रोज गंमत करणारी बाई तक्रार करते आहे हे कुणाला खरंच वाटेना. त्या खोलीत मला विनोद करायची परवानगी होती, रागवायची नव्हती. माणसाला आपल्या अपंगत्वावर हसण्याचा हक्क आहे का, हे बघायचं असेल तर मी आता एवढंच बघते, की त्याच जागी त्याच लोकांसमोर त्याला चिडता येतं का? येत नसेल तर त्याचं हसणं हे त्या खोलीत बसू देण्याचं भाडं आहे.

६. ज्याच्यावर हसलं जातं, तो दुसऱ्यावर हसणार नाही याची काहीच हमी नसते. अष्टावक्राची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या सभेत शिरतो, पंडित हसतात, मग तोही हसतो. राजा कारण विचारतो तेव्हा तो म्हणतो, मला वाटलं ही ज्ञान्यांची सभा आहे, इथे तर कातड्याची पारख करणारे चांभार जमलेत. लहानपणी या उत्तराने माझा ऊर भरून येई. आता मी तिथे अडखळते. अपंगांच्या बाजूने आपल्या परंपरेत दिलेलं हे बहुधा सर्वांत गाजलेलं उत्तर, आणि ते उभं राहतं एका जातीच्या पाठीवर पाय देऊन. सभेतल्या पंडितांना लाज वाटावी म्हणून ज्यांची नावं घेतली, ते त्या सभेत आलेलेसुद्धा नव्हते.

पैठण १९५६ पर्यंत आमच्याच हैदराबाद राज्यात होतं. तिथल्या एकनाथांच्या भारुडांत मुका आणि बहिरा येऊन स्वतःच आपली कथा सांगतात. म्हणजे बोलणारा ‘मी’ आहे, हे मला फार मोठं वाटतं. पण त्याचं बहिरेपण आलेलं असतं ते संतांचं न ऐकल्यामुळे. ‘तुम्ही कुणाचं ऐकलं नाहीत का हो मागच्या जन्मी?’ असं मला आजही कुणी कुणी विचारतं, अगदी कळवळून.

७. आपल्यातल्या आपल्यातही एक उतरंड आहे, आणि तिच्या तळाशी आहेत ती ज्यांची बुद्धी वेगळ्या गतीने चालते. हैदराबादला थट्टेचा अभिमान आहे. इथे विनोदाला वाहिलेलं ‘शगूफा’ हे उर्दू मासिक १९६८ साली सुरू झालं, दखनीतल्या विनोदी शायरीला लोक रात्र रात्र जागतात. मलाही या शहराचं हे हसरेपण प्रिय आहे. पण याच शहराच्या तोंडी उठता-बसता ‘हौला’, म्हणजे खुळा, असतो. मित्र विसरला तर हौला, रिक्षावाला चुकला तर हौला. शब्द प्रेमाचाच आहे, असं प्रत्येक जण सांगतो.

सिकंदराबादला मनोविकास नगरमध्ये बौद्धिक अपंगत्वावरची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. तिथे मुलाला घेऊन जाणाऱ्या एका बाईंशी माझी बसमध्ये ओळख झाली. मुलगा तिशीचा, हसरा, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पाटीचा रंग सांगणारा. मागच्या सीटवरच्या मुलांनी एकमेकांना ‘हौला’ म्हटलं की त्या दर वेळी मुलाकडे बघत. त्यांनी मला विचारलं, ‘लोक म्हणतात, ज्याचं दुखणं त्यानेच विनोद करावा. माझा मुलगा तो कसा करणार?’ मला उत्तर सुचलं नाही. ‘आमच्यावर आम्हीच हसू’ हे म्हणायला सुद्धा बोलता यावं लागतं, प्रसंगावधान लागतं, समोरच्याचा डाव ओळखता यावा लागतो. मी ते करू शकते. तो करू शकत नाही, आणि सगळ्यात जास्त विनोद त्याच्यावर होतात. तेव्हापासून हा नियम मी अर्धाच धरते. त्या मुलांना मी मागे वळून ‘असं म्हणू नका’ असं सांगितलं. ती गप्प बसली. त्या बाई मात्र म्हणाल्या, ‘रोज कुणाकुणाला सांगणार?’

८. अपमान हसत केला जातो तेव्हा तो निदान ओळखू येतो. जुलै २०२४ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. ८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ‘आँख मिचोली’ या हिंदी सिनेमावरच्या याचिकेचा निकाल दिला. याचिका केली होती निपुण मल्होत्रा यांनी, जे स्वतः व्हीलचेअर वापरतात. सिनेमात बहिऱ्या माणसाला ‘साउंडप्रूफ’, तोतरं बोलणाऱ्याला ‘अटकी हुई कॅसेट’ म्हटलेलं होतं. न्यायालयाने सिनेमाला हात लावला नाही. पण अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद आणि अपंग माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळे आहेत असं तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांनी स्पष्ट लिहिलं, आणि अपंग माणसं दाखवताना त्यांना विचारा, त्यांना सामील करून घ्या, असंही सांगितलं. ‘साउंडप्रूफ’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आलाच, पण नवल वाटलं नाही. असे शब्द शाळेपासून ऐकत आलो आहोत, नवीन फक्त इंग्रजी आहे.

त्याच महिन्याच्या २१ तारखेला तेलंगणातल्या एका ज्येष्ठ आयएएस अधिकारी बाईंनी समाजमाध्यमावर लिहिलं की विमान कंपनी अपंग पायलट ठेवते का, अपंग सर्जनवर तुम्ही विश्वास टाकाल का, मग या प्रशासकीय सेवेत अपंगांना आरक्षण कशाला? सुरुवात होती अपंगांबद्दलचा पूर्ण आदर व्यक्त करून. त्यात विनोद नव्हता, टवाळी नव्हती. हैदराबादेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या अपंग मुलामुलींनी ते वाचलं असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. शहरात त्यावर मोठा संताप उसळला, निषेध झाले, आणि मला बरं वाटलं. ‘साउंडप्रूफ’ला मी प्रत्युत्तर देऊ शकते. आदराने मारलेल्या त्या फुलीला काय उत्तर द्यायचं?

अपंग हक्क कायद्यात कलम ९२ आहे. लोकांच्या देखत, खाली पाडण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. असं कलम असावं असं मला वाटतं. आपण तक्रार केली तर पोलिसाला लिहून घ्यावीच लागेल, या जाणिवेने माणूस ताठ उभा राहतो. पण माझ्या आयुष्यात जे जे लागलं त्यातलं जवळजवळ काहीच या कलमात बसणार नाही, कारण तसा हेतू कुणाचाच नव्हता.

९. आम्हाला व्यासपीठ मिळतं ते बहुतेक वेळा प्रेरणा द्यायला. एसएमए या स्नायूंच्या दुर्मिळ आजाराच्या मुलांवर केलेल्या विनोदांबद्दल समय रैना आणि आणखी चार विनोदकारांना सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपापल्या कार्यक्रमांतून माफी मागायला सांगितलं. पुढे नोव्हेंबरमध्ये, अपंग व्यक्तींना बोलावून त्यांच्या यशाच्या कथा सांगा आणि उपचारांसाठी निधी उभा करा, असा आदेश झाला. एका इंजेक्शनचे १६ कोटी रुपये असतील तर निधी हवाच, त्यावर वाद नाही. पण यशाच्या कथा पुन्हा आम्हीच सांगायच्या? ऑस्ट्रेलियाची स्टेला यंग स्वतः व्हीलचेअरवर होती आणि विनोद करत असे. सकाळी अंथरुणातून उठल्याबद्दल लोक आपलं कौतुक करतात, याची तिला चीड होती. मला ते अक्षरन्‌अक्षर पटतं. मला त्या मंचावर यश सांगायला बोलवू नका. मला तिथे विनोद सांगायला बोलवा, आणि तो पडला तर पडू द्या, हसू नका.

अशी माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या निधी गोयल अंध आहेत, स्टँड-अप करतात आणि अपंग स्त्रियांसाठी ‘रायझिंग फ्लेम’ ही संस्था चालवतात. पुण्याच्या श्वेता मंत्री कुबड्या घेऊन मंचावर येतात आणि अपंगांकडे बघणाऱ्यांची दया उलगडून दाखवतात. माझी अडचण एवढीच, की हे कार्यक्रम मला ऐकू येत नाहीत. चित्रफितींवर सबटायटल्स क्वचितच असतात. जिथे असतात तिथे मी त्या परत परत बघते, आणि प्रेक्षकांच्या आधी हसण्याचं सुख मला तिथे मिळतं, कारण वाक्य बोलून पूर्ण व्हायच्या आत पडद्यावर आलेलं असतं.

१०. आधी मागितलं तर माणसं देतात, हे मला सर्वांत उशिरा कळलं. आमच्या वसाहतीत मराठी मंडळींचा दिवाळीचा लहानसा कार्यक्रम असतो. निवेदन करणारा मुलगा हुशार आहे, बोलतो भरभर, आणि माईक नेमका ओठांसमोर धरतो. मी त्याला संहिता आधी मागितली. त्याने लगेच पाठवली, इतकी वर्षं कुणी मागितलीच नव्हती म्हणाला. वाचत गेले तर पाचव्या पानावर बहिरे आजोबा आणि काजी! मी त्याला हे सगळं लिहून कळवलं: बहिरी माणसं असं बोलत नाहीत, आणि खरं काय घडतं तेही. त्याने उत्तर दिलं, ‘मावशी, पण लोक हसतात हो.’ कार्यक्रमात त्याने तो विनोद ठेवला. लोक हसले. त्याने माझ्याकडे बघितलं, मी हसले नाही, आणि पुढची दोन वाक्यं त्याची चुकली. नंतर चहाच्या वेळी आम्ही त्यावर भांडलो, तोंडावरचा माईक नसल्यामुळे मला त्याचं सगळं समजत होतं. त्याचं अजूनही म्हणणं आहे की त्यात वाईट काही नव्हतं, आणि मिठी मारल्यावर मशीन शिट्टी मारतं हा किस्सा आपण घातला तर लोकांना कळणार नाही. मी म्हणते, घालून तर बघ. संक्रांतीच्या कार्यक्रमाची संहिता त्याने या वेळी मी न मागता पाठवली आहे, आणि त्यात दोन ठिकाणी समासात माझ्यासाठी प्रश्नचिन्ह काढलेलं आहे.